भाड्याच्या गाडीवरचा ओरखडा आणि कार्डावरून गेलेले ८४४ पौंड

लातूरहून आलेला प्रश्न असा. एक व्यापारी गृहस्थ लेकीला भेटायला ब्रिटनला गेले. एडिंबरा विमानतळावरून गाडी भाड्याने घेतली, स्वतः चालवली, डोंगराळ भाग फिरून आले आणि गाडी परत दिली. परत देताना काउंटरवरच्या माणसाने मागच्या बंपरवरचा ओरखडा आणि डाव्या बाजूच्या अलॉय व्हीलची घासट दाखवून सही घेतली. घरी आल्यावर तीन आठवड्यांनी क्रेडिट कार्डावरून ८४४ पौंड गेले. हिशोब असा: बंपर ५४०, अलॉय ११०, गाडी उभी राहिल्याचे तीन दिवसांचे १४४ आणि प्रोसेसिंग ५०. निघण्याआधी लातूरच्याच एजंटाकडून परदेश प्रवासाचा विमा घेतला होता. त्यात भाड्याच्या गाडीच्या एक्सेसचं, म्हणजे नुकसानीतल्या आपल्या वाट्याच्या रकमेचं, कव्हर आहे, मर्यादा १,००० डॉलर, वजावट १०० डॉलर. आता एजंट म्हणायलाय, "क्लेमच्या नादी लागू नका, त्या कंपनीशीच भांडा." जावई म्हणतो, बँकेत डिस्प्यूट टाका, म्हणजे कार्डावरच्या व्यवहाराला हरकत घ्या. गृहस्थ विचारतात, ऐकायचं कुणाचं?

क्लेम करा, आणि विमा कंपनीला आजच कळवा. कागद गोळा व्हायची वाट बघत बसू नका. पॉलिसीवर टोल-फ्री नंबर आणि ईमेल दिलेला असतो. ईमेलच करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. पॉलिसी नंबर, गाडी कुठून घेतली, नुकसान काय, किती पैसे गेले, एवढ्या चार ओळी पुरतात. पैसे गेल्यावरच तुम्हाला आकडा कळला, हेही त्यात लिहा. उशीर झाला म्हणून कुणी नाक मुरडलं तर आयआरडीएआय या विमा नियामकाचं सप्टेंबर २०११ चं परिपत्रक तुमच्या बाजूने आहे: उशिराला खरं कारण असेल, तर फक्त उशिराच्या मुद्द्यावर क्लेम नाकारू नये, असं त्यात कंपन्यांना बजावलेलं आहे.

आता एक्सेस म्हणजे काय, ते आपल्याकडच्या गाडीवरून लक्षात घ्या. आपल्या कारच्या पॉलिसीत १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये सक्तीची वजावट असते. क्लेम कितीचाही असो, तेवढे आपल्या खिशातून जातात. रक्कम लहान म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. परदेशात भाड्याच्या गाडीवर हाच आकडा हजार-बाराशे पौंडांवर जातो. तिथे भाड्यातच ज्याला 'डॅमेज वेव्हर' म्हणतात ते धरलेलं असतं. ते कंपनीचं वचन असतं: नुकसान कितीही होवो, या रकमेच्या वर आम्ही तुमच्याकडून घेणार नाही. त्या रकमेपर्यंतचा भार मात्र तुमचाच. तो भार उचलणारं कव्हर तुमच्या प्रवास विम्यात आहे. पण विमा कंपनी ते पैसे गाडीवाल्याला देत नाही. तुम्ही आधी भरायचे आणि मग विमा कंपनीकडून परत मिळवायचे. त्यामुळे "पैसे कापून घेतलेत, आता क्लेम कसला?" हा प्रश्नच उलटा आहे. पैसे कापले गेले नसते तर क्लेम उभाच राहिला नसता.

गाडी घेताना कार्डावर अडवून ठेवलेली डिपॉझिटची रक्कम वेगळी आणि नंतर प्रत्यक्ष वजा झालेली वेगळी. अडवलेली रक्कम हे नुकसान नव्हे. क्लेमला प्रत्यक्ष डेबिटच दाखवावं लागतं.

यात एक गोष्ट आधी स्वतःशी ठरवा, नाहीतर पुढे सगळं अडकतं. हे नुकसान तुमच्या हातून, म्हणजे गाडी तुमच्या ताब्यात असताना झालंय का? एक्सेसचं कव्हर ओरखड्याचे पैसे देत नाही. भाड्याच्या करारानुसार तुमच्यावर जी देणी येतात, ती भरून देतं. तुम्ही गाडी कंपनीला लिहिलंत की ओरखडा आमचा नाही, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लिहिलंत की आमच्या ओरखड्याचे पैसे द्या, तर तुमचा एक कागद दुसऱ्याला कापतो. क्लेम पाहणारा अधिकारी दोन्ही मेल मागवतो आणि पहिलाच तुमच्याविरुद्ध वापरतो. असे क्लेम पडताना मी पाहिलेत. माणसं खोटी नव्हती, रागाच्या भरात दोन्हीकडे दोन गोष्टी लिहून बसली होती.

तुमच्या बाबतीत मला वाटतं घासट तुमचीच आहे. तिकडच्या अरुंद रस्त्यांवर समोरून गाडी आली की डावीकडे दाबून घ्यावं लागतं, कडेला दगडी कर्ब असतो आणि डावं अलॉय हमखास घासतं. बंपरचं तुम्हालाही नक्की आठवत नाही असं तुम्ही लिहिता, पण गाडी घेतानाच्या तुमच्या फोटोंत बंपर स्वच्छ दिसतो. मग जबाबदारी नाकारू नका. "नुकसान झालं की नाही" हा वाद सोडा आणि "आकडा बरोबर आहे का" एवढाच धरा. त्याने विम्याचा क्लेम बिघडत नाही, उलट कागद जमतात. बंपरचा ओरखडा आधीपासूनच होता अशी तुमची खात्री असती आणि फोटोही तसं सांगत असते, तर मीच म्हणालो असतो की तेवढ्या भागासाठी विमा कंपनीला मध्ये घेऊ नका, गाडीवाल्याशी भांडा.

एजंटाचा सल्ला त्याच्या दृष्टीने सोपा आहे, त्याला फाइल नको आहे. तुम्हाला मात्र ज्याच्याशी भांडायला तो सांगतो, त्याच कंपनीकडून सगळे कागद हवे आहेत. त्यांच्याशी तोंड फिरवलंत तर कागद येणार नाहीत.

तर गाडी कंपनीला एक शांत, मुद्देसूद मेल टाका. काय मागायचं? पूर्ण भाडेकरार, फक्त पहिलं पान नव्हे तर अटींसकट. गाडी देतानाचा आणि घेतानाचा कंडिशन रिपोर्ट, त्यांच्या फोटोंसह. नुकसानीचा अहवाल. दुरुस्तीचं बिल किंवा इस्टिमेट. कार्डावरून घेतलेल्या रकमेची पावती. आणि ८४४ चा तपशील, बाबवार. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातलं की अडत्याकडून हिशोबपट्टी घेतल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही, हमाली किती, तोलाई किती, वजा किती. इथेही तशीच पट्टी मागायची.

दुरुस्तीच्या बिलावर जरा थांबतो, कारण निम्मी डोकेदुखी इथेच असते. बऱ्याच भाडे कंपन्या ओरखडा लगेच दुरुस्त करत नाहीत. त्यांच्याकडे दरपत्रक असतं: बंपरवर एवढ्या लांबीचा ओरखडा, एवढे पौंड. त्याप्रमाणे पैसे घेतात आणि गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला देतात. मग इकडे विमा कंपनी "फायनल रिपेअर बिल" मागते, तिकडून येत नाही आणि फाइल लटकते. यावर तोड अशी. दरपत्रकाची प्रत घ्या आणि त्यांच्याकडून एक ओळ लिहून घ्या: ही अंतिम आकारणी आहे, करारातल्या अमुक कलमाप्रमाणे. विमा कंपनीला उत्तर द्या की कव्हर करारातल्या देण्यावर आहे, देणं या कलमाने ठरलं, पैसे या तारखेला गेले. आयआरडीएआयने २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये कागद नाही म्हणून क्लेम नाकारू नये, आणि क्लेमशी थेट संबंध असलेलेच कागद मागावेत, असं सांगितलेलं आहे. त्याचा उल्लेख मेलमध्ये सभ्यपणे करा. मी पाहिलंय, त्या एका ओळीने सूर बदलतो.

तुमच्या बिलातल्या चारही बाबी एका मापाच्या नाहीत. बंपर आणि अलॉय हे सरळ नुकसान आहे, ते बसतं. मात्र पॉलिसीत टायर, रिम, काच, गाडीचा तळ यांना वगळलंय का, हे वाचा. फक्त एक्सेससाठी वेगळ्या घेतलेल्या, सुट्या एक्सेस पॉलिसीत सहसा ते धरलेले असतात. प्रवास विम्यातल्या कव्हरमध्ये कधी असतात, कधी नसतात. गाडी उभी राहिल्याचे १४४ आणि प्रोसेसिंगचे ५० बऱ्याच पॉलिसींत मिळत नाहीत, किंवा स्वतंत्र मर्यादेत मिळतात. म्हणून त्या १४४ वर गाडी कंपनीलाच विचारा: गाडी कोणत्या तारखांना दुरुस्तीला होती? दरपत्रकाने पैसे घेतले आणि गाडी दुसऱ्या दिवशी भाड्यावर गेली असेल, तर तीन दिवसांचं भाडं कशाचं? तारखा मागितल्या की ही बाब कमी होते, कधी पूर्ण जाते. विम्यातून न मिळणारे पैसे परत आणायची जागा ही आहे.

दुसरा बारकावा वजावटीचा. १०० डॉलर प्रत्येक घटनेला असतात. बंपर आणि अलॉय दोन वेगळ्या वेळी घासले असतील तर वजावट दोनदा लागू शकते. समजा पौंडाला १.३० डॉलर भाव धरला, तर बंपर आणि अलॉय मिळून ६५० पौंडांचे ८४५ डॉलर होतात. एक घटना धरली तर हातात ७४५, दोन धरल्या तर ६४५. सगळे ८४४ पौंड मान्य झाले तरी १,०९७ मधून १०० जाऊन ९९७. म्हणजे मर्यादा तुम्हाला आडवी येत नाही. आडव्या येतील त्या वगळलेल्या बाबी आणि दुसरी वजावट. बँकेने लावलेला परदेशी चलनाचा मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी सहसा मिळत नाही, तो सोडून द्या.

क्लेम फॉर्ममध्ये "घटनेचं वर्णन" असा रकाना असतो. इथे आपल्याकडे हमखास कुणीतरी सल्लागार उगवतो: "मोठ्या गाडीने कट मारला असं लिहा, मजबूत होतं." अजिबात लिहू नका. दुसरं वाहन आणलंत की पोलीस रिपोर्ट आला, त्या वाहनाचा नंबर आला, आणि तुम्ही काउंटरवर सही केलेल्या रिपोर्टमध्ये यातलं काहीच नाही. जे झालं तेच लिहा: अरुंद रस्त्यावर समोरच्या गाडीला वाट देताना डावं चाक कर्बला घासलं, बंपरवरचा ओरखडा गाडी परत देताना दाखवला गेला, तो नेमका कधी लागला ते लक्षात आलं नाही, बहुधा पार्किंगमध्ये. "लक्षात आलं नाही" हे उत्तर चालतं.

तरी विमा कंपनी पोलीस रिपोर्ट मागेल, कारण इकडे त्यांच्या यादीत तो छापलेलाच असतो. उत्तर द्या की कुणाला इजा नाही, दुसरं वाहन नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या रोड ट्रॅफिक अॅक्टमध्ये अशा घटनेची पोलिसांना खबर देण्याचं बंधन नाही. नुकसानीचा अहवाल गाडी कंपनीचा आहे, तो जोडला आहे.

लायसन्सची प्रत लागेल. भारतीय लायसन्सवर पाहुण्याला तिथे बारा महिन्यांपर्यंत चालवता येतं. आरटीओकडून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट असेल तर तेही जोडा. त्याची मुदत एक वर्षाची असते, प्रवासाच्या तारखांना चालू होतं ना, बघा. आणि एक प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण मी विचारणारच: मधे जावयाने गाडी चालवली होती का? करारात त्यांचं नाव जादा चालक म्हणून नसेल आणि घासट त्यांच्या हातून झाली असेल, तर गाडी कंपनीचं वचनही जातं आणि विम्याचं कव्हरही. मग एक्सेसपुरतीच नव्हे, पूर्ण नुकसानीची जबाबदारी येऊ शकते. तुम्ही "स्वतः चालवली" लिहिलंय, तेच खरं असेल तर काळजी नाही.

आता जावईबापूंचा सल्ला. बँकेत डिस्प्यूट टाकणं चुकीचं नाही, वेळ चुकीची आहे. करारावर सही करताना नंतरच्या आकारणीला कार्ड वापरायची परवानगी तुम्ही दिलेली असते, त्यामुळे "हा व्यवहार माझा नाही" असं म्हणता येत नाही. फक्त १४४ साठी, कंपनीने तारखा द्यायला नकार दिला तर, तेवढ्या रकमेचा डिस्प्यूट टाकता येईल. बँकेला मुदत किती आहे ते आजच विचारून ठेवा. पूर्ण ८४४ वर डिस्प्यूट टाकलात तर विमा कंपनी फाइल बाजूला ठेवते, कारण तुमचं नुकसान झालं की नाही हेच ठरलेलं नसतं. दोन्हीकडून पैसे आले तर एक परत करावे लागतात, ते वेगळंच.

विमा कंपनीने नाकारलं, किंवा नुसतीच मेलामेली चालू ठेवली, तर आधी त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. सोबत आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर नोंद. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल. तिथे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. सुनावणी व्हिडिओ कॉलवर होऊ शकते, त्यामुळे लातूरहून गाडी काढायची गरज नाही. तुमच्यासारख्या साठ-सत्तर हजारांच्या क्लेमला हाच मार्ग मी सांगतो. ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, विमा कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी लातुरात. मुदत दोन वर्षं. पण तारखा पडतात. रक्कम मोठी असेल तर जा, यासाठी मी जाणार नाही.

लेक तिथेच राहते, म्हणून हेही सांगतो. तिने पुढे कधी तिथल्या विमा कंपनीकडून सुटी एक्सेस पॉलिसी घेतली आणि क्लेम अडला, तर तिथे फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिस आहे, मोफत. विमा कंपनीला आठ आठवडे द्यायचे. त्यांचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत तक्रार नेता येते. पॉलिसी तिच्या नावावर आणि करारात मुख्य चालक जावई, असं मात्र करू नका. ज्याच्या नावाचा करार, त्याच्या नावाची पॉलिसी. आणि गाडी ताब्यात घेण्याआधी घेतलेली हवी.

याच्याशी जोडलेला एक प्रश्न संभाजीनगर, नांदेडकडून वारंवार येतो, इकडच्या सेल्फ ड्राइव्ह गाड्यांचा. वेरूळ-अजिंठ्याला नाहीतर तुळजापूरला गाडी नेली, परत देताना "दाराला ओरखडा, १० हजार" म्हणून डिपॉझिट अडकवलं. इथे तो परदेशी थाटाचा एक्सेस विमा सहसा नसतो. ॲपवर बुकिंग करताना "डॅमेज प्रोटेक्शन" म्हणून जे दोन-चारशे रुपये जास्त घेतात, ती बहुतेक वेळा विमा पॉलिसी नसते, त्या कंपनीची स्वतःची सवलत असते. त्यामुळे विमा लोकपालाकडे जाता येत नाही, वाद ग्राहक आयोगात जातो. करारात "ओरखड्याला १० हजार" छापलं म्हणून तेवढे द्यावेच लागतात असंही नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ठरलेली रक्कम ही वरची मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. दाराचं डेंटिंग-पेंटिंग जवळच्या गॅरेजात कितीला होतं, त्याचं इस्टिमेट घेऊन ठेवा. गाडीमालकाने स्वतःच्या विम्यात त्याच दाराचा क्लेम घेतलाय का, हेही लेखी विचारा. घेतला असेल तर तुमच्याकडून मागण्यासारखी राहते ती त्याची वजावट आणि विम्याने न दिलेला फरक.

आणि नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाडीला काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी ओळखीतून, रोजाने, दीड-दोन हजाराला मिळते खरी, पण तिची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू नाही. किरकोळ ओरखडा असेल तर मालक आणि तुम्ही आपसात मिटवाल. कुणाला धडक बसली आणि भाड्याचा वापर सिद्ध झाला, तर विमा कंपनी पॉलिसीची अट मोडली म्हणून हात वर करते. कोर्टाने जखमीला आधी पैसे द्यायला लावले, तरी ती ते गाडीमालकाकडून वसूल करायला मोकळी असते, आणि मालक मग तुमच्या दारात येतो. तशी गाडी घेऊ नका, मालक सोयरा असला तरी.